सरकारला मान्य नसलेला भूकंप

"म्हणजे सरकारचं म्हणणं असं आहे, की भूकंप झालाच नाही?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं.

"लेखी म्हणणं तसं आहे, साहेब," मी म्हणालो.

"आणि तुमचं?"

"मी सरकारी वकील आहे, साहेब. मला वेगळं म्हणणं नसतं."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. निलंग्याच्या कोर्टात पाण्याच्या केसला हसायलासुद्धा माणूस नसतो. कालव्याचं दार कुणी उघडलं, तेरणेतून मोटार लावून पाणी कुणी ओढलं, असल्या केसेस मी चार वर्षं रिकाम्या खुर्च्यांसमोर चालवल्या होत्या. ज्या जिल्ह्यात पाणी नाही तिथे पाण्याच्या हक्कांच्या केसेस कुणी मागून घेत नाही, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. पण २००४च्या त्या मंगळवारी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. कारण आज साक्षीला भागवत सर येणार होते.

आधी केस सांगतो. हरगेवाडीचे शेषेराव हे वादी. त्यांच्या विहिरीत दोन माणसं बुडतील एवढं पाणी असायचं. बांधापलीकडे चन्नबसप्पांची विहीर, तिच्यात कित्येक वर्षं फक्त कबुतरं राहायची. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे जमीन हलली. सकाळी शेषेरावांच्या विहिरीचा तळ दिसत होता आणि चन्नबसप्पांची विहीर काठापर्यंत भरली होती. शेषेरावांनी दावा लावला, की माझं पाणी भूकंपाने तिकडे नेलं, ते मला परत मिळावं. प्रतिवादी क्रमांक दोन चन्नबसप्पा, कारण पाणी त्यांच्याकडे होतं. प्रतिवादी क्रमांक एक सरकार, कारण शेषेरावांचे वकील वीरण्णा यांच्या मते एवढी मोठी गोष्ट सरकारला विचारल्याशिवाय होणं शक्य नव्हतं.

आता सरकारी वकिलीत एक रीत आहे. दावा आला, की खात्याकडून प्रत्येक परिच्छेदावर अभिप्राय मागवायचा आणि त्यावरून लेखी म्हणणं द्यायचं. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरतात, म्हणून सगळंच नाकारायचं. खात्याने कळवलं, "परिच्छेद तीन: भूकंप हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." माझ्या आधीचे वकील सावध गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं, "परिच्छेद तीनमधील मजकूर खोटा, बनावट व केवळ दाव्यासाठी रचलेला असून सरकारला मान्य नाही." हे टाइप होत होतं तेव्हा शेजारच्या तहसीलमध्ये तेच सरकार भूकंपग्रस्तांना छपराचे पत्रे वाटत होतं.

वादीने म्हटलं झाला, सरकारने म्हटलं नाही. कोर्टाने रीतसर मुद्दा काढला. मुद्दा क्रमांक एक: दिनांक ३०-९-१९९३ रोजी भूकंप झाला, हे वादी शाबीत करतात काय?

माझ्याकडे फाइल आल्यावर मी खात्याला कळवलं, की एवढा एक भूकंप तरी कबूल करू द्या. आठ महिन्यांनी उत्तर आलं: "भूकंप मान्य केल्यास इतर प्रलंबित दाव्यांवर काय परिणाम होईल, ते सविस्तर कळवावे." मी सविस्तर कळवलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

वीरण्णा वकिलांना तर हा मुद्दाच अपमान वाटायचा. "भूकंपाला साक्षीदार?" ते मला बाररूममध्ये म्हणायचे. "उद्या सूर्य उगवल्याचा पंचनामा मागशील तू, यासेर." शेवटी त्यांनी पेपरचं एक कात्रण दाखल केलं. वर्तमानपत्राचं कात्रण पुरावा होत नाही, अशी हरकत मी घेतली आणि ती मंजूर झाली. मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. त्या महिन्यात माझं दुसरं काहीच मंजूर झालं नव्हतं.

मी भागवतवर जळतो, असं माझी बायको रुखसार म्हणते. ते खरं नाही. मी फक्त त्याच्या पाट्या मोजतो. लातूरच्या बसस्टँडपासून माझ्या घरापर्यंत तेव्हा अकरा होत्या. प्रत्येक पाटीवर तो हाताची घडी घालून उभा, आणि खाली 'प्रा. भागवत सर, एम.एस्सी. फिजिक्स समजत नाही? समजेल.' त्याच्या सकाळच्या एका बॅचला जेवढी पोरं बसतात तेवढे पक्षकार मी आयुष्यात पाहिले नाहीत. बाहेर आईबाप चपला सांभाळत उभे. हॉटेलात तो आला, की पोरं पाया पडतात आणि मालक मला म्हणतो, "वकीलसाहेब, जरा तिकडं सरकता का? सर आलेत."

मी सरकतो. सरकारी माणूस आहे.

"भागवतभाई का नया फोटो लगा है चौक में," रुखसारने त्या आठवड्यात सांगितलं होतं. "टाय पहने हैं. अच्छे दिख रहे."

"देखा."

"तुम भी तो बांधते ना गले में कुछ."

"वो बँड है. वकील का."

"हाँ, वोईच. उसका फोटो नहीं लगाते क्या कोई?"

अकरा वर्षांपूर्वी नांदेडला आम्ही एका खोलीत राहायचो. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, तो एम.एस्सी.च्या. त्या पहाटे आमच्या खोलीतलीसुद्धा भांडी पडली. सकाळी रेडिओवर निलंगा, औसा, उमरगा अशी नावं यायला लागली. हरगेवाडी त्याचं गाव. त्याने पिशवीत दोन शर्ट कोंबले. पाच दिवसांनी त्याची परीक्षा होती.

"येतूस का?" त्याने दारातून विचारलं.

"माझी तोंडी परीक्षा आहे रे आज," मी म्हणालो.

तो ट्रकमध्ये बसून गेला. तोंडी परीक्षा पुढे ढकलल्याचं मला अर्ध्या तासाने कळलं. अर्ध्या तासात ट्रक काही फार लांब जात नाही. पण मी परत खोलीवर आलो. दुपारी मेसचे दोन डबे आले, एक माझा, एक त्याचा. दोन्ही मी खाल्ले. पुढचे बावीस दिवस दोन्ही मीच खाल्ले. तो महिन्याने येऊन ट्रंक घेऊन गेला. परीक्षेला तो पुन्हा कधीच बसला नाही. म्हणजे अकरा पाट्यांवरचं ते एम.एस्सी. खोटं होतं, आणि अख्ख्या लातुरात हे माहीत असलेला माणूस मी एकटा होतो.

अशा माणसाला समोरच्या पक्षाने साक्षीदार म्हणून आणावं आणि त्याची उलटतपासणी मला घ्यायला मिळावी. वकिलाच्या आयुष्यात असं सुख फार वेळा येत नाही. मी आठ दिवस आरशासमोर तो प्रश्न विचारून पाहिला. शेवटी आवाज बसला.

पुकारा व्हायच्या आधी व्हरांड्यात शेषेराव आणि चन्नबसप्पा नेहमीसारखे शेजारी शेजारी बसले होते. दहा वर्षं हे दोघे एकाच एसटीने तारखेला यायचे. गाडी लागली, की शेषेराव धावत जाऊन खिडकीतून टॉवेल टाकायचे, दोन जागा धरायचे, स्वतः खिडकीशी बसायचे आणि प्रतिवादीला कडेला बसवायचे. येताना भाकरी शेषेरावांची, चटणी चन्नबसप्पांची.

"मी म्हणलो की याला," चन्नबसप्पा मला सांगत होते, "पाईप टाक, ने की पाणी. मी कुठं न्हाई म्हणलो?"

"त्याच्या हिरीतलं कशाला नेऊ मी?" शेषेराव म्हणाले. "माझं हाय ते. माझं पाणी मला त्यानं द्यायचं, अन् वर उपकार?"

"अहो, पण त्यांची घरवाली गेली त्या रात्री," मी म्हणालो. "तुमचं तर घरसुद्धा उभं राहिलं."

"ते हाय," शेषेराव म्हणाले. थोडा वेळ त्यांनी चटणीकडे बघितलं. "गौरम्मा लई चांगली होती. पर वकीलसाब, सगळं त्यालाच व्हायचं व्हय? दुःख बी त्यालाच, पाणी बी त्यालाच. सरकार आलं ते त्याच्या दारात. पुढारी आले ते त्याच्या दारात. मला कुणी इचारलं बी न्हाई."

चन्नबसप्पांनी भाकरीचा मोठा तुकडा त्यांच्याकडे सरकवला. शेषेरावांनी तो घेतला आणि तोंड दुसरीकडे केलं. मला तो म्हातारा एकदम जवळचा वाटला, आणि त्याचा थोडा रागही आला.

भागवत पिंजऱ्यात उभा राहिला. टाय नव्हता. माझ्याकडे बघून त्याने ओळखीचं हसू केलं, मी फाइलमध्ये बघितलं. वीरण्णांनी विचारलं, की जमीन हलल्यावर पाणी कसं जातं. भागवतने खिशातून दोन चपटे दगड काढले आणि शिकवायला सुरुवात केली. काळा दगड, त्यातल्या भेगा, भेगांतला दाब. पट्टेवाला दाराशी मान हलवत होता. शिरस्तेदारांनी शंका विचारली. न्यायाधीशांनी ती शंका रेकॉर्डवर घेतली नाही, पण उत्तर ऐकून घेतलं आणि मग स्वतःची एक विचारली. मागच्या बाकावर दोन पोरं वहीत आकृती काढत होती. चार वर्षं मी या खोलीत बोलत होतो, आणि एकानेही पेन्सिल बाहेर काढली नव्हती.

मग माझी पाळी आली.

"हरगेवाडीच्या त्या दोन विहिरींखालच्या खडकाची तुम्ही स्वतः तपासणी केली आहे का?"

"न्हाई."

"पाणी याच विहिरीतून त्याच विहिरीत गेलं, हे तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

"खात्रीनं कसं सांगणार? जाऊ शकतं, एवढंच सांगू शकतो."

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "मी खडकाची तपासणी केलेली नाही. पाणी वादीच्या विहिरीतूनच गेले असे मी खात्रीने सांगू शकत नाही."

झालं. केस जिंकली होती. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि अडीच मिनिटांत. कुठलाही शहाणा वकील इथे 'दॅट्स ऑल' म्हणून खाली बसतो. वीरण्णा तर बिचारे कागद गोळा करायला लागले होते.

मी बसलो नाही.

"तुमच्या क्लासच्या पाट्यांवर एम.एस्सी. लिहिलेलं आहे?"

"हाय."

"तुम्ही एम.एस्सी. आहात?"

वहीत आकृती काढणाऱ्या पोरांनी वर बघितलं. भागवतने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, एखाद्या पोराने अवघड गणित बरोबर सोडवल्यावर बघावं तसं.

"न्हाई," तो म्हणाला. "पहिल्या पाटीवर पेंटरनं लिहिलं. त्याच दिवशी पुसायला पाहिजे होतं. पुसलं न्हाई. चूक माझी हाय."

"मी एम.एस्सी. नाही, हे म्हणणे खरे आहे," न्यायाधीशांनी सांगितलं. टाइपरायटर वाजला. एवढा गोड आवाज मी त्या यंत्राचा कधी ऐकला नव्हता. इथे तरी बसायला हवं होतं. उलटतपासणीत 'का' विचारायचं नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. उत्तर काय येईल हे आपल्या हातात नसतं. पण मला उत्तर माहीत होतं, आणि ते त्याने भर कोर्टात पडल्या चेहऱ्याने द्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

"परीक्षा का दिली नाही तुम्ही?"

"भूकंप झाला होता," भागवत म्हणाला.

वीरण्णा वकिलांनी गोळा केलेले कागद परत टेबलावर ठेवले.

"कधी?" न्यायाधीशांनी विचारलं. तो प्रश्न त्यांचा होता, पण मला तो मलाच विचारल्यासारखा वाटला.

"तीस सप्टेंबर त्र्याण्णव. मी नांदेडला होतो. दुपारपर्यंत हरगेवाडीत पोचलो. गावात घर असं वीस-बावीसच उभं होतं. पाच दिवस आम्ही माणसं काढत होतो. परीक्षा कोणत्या दिवशी झाली, ते मला आठवत न्हाई."

"कोणाला काढलं, सांगू शकाल?" न्यायाधीशांनीच विचारलं.

भागवतने नावं सांगितली. सहा नावं झाल्यावर तो थांबला आणि त्याने मागच्या बाकांकडे बघितलं. "चन्नबसप्पाकाकांच्या घरातून गौरम्माकाकूला. मी अन् अजून चौघं होतो. दुसऱ्या दिवशी, चार वाजता. शेषेरावकाकांनी आपली दाराची फळी काढून दिली होती, तिच्यावर नेलं."

टाइपरायटर थांबून थांबून वाजत होता. चन्नबसप्पा उभे राहिले होते. भूकंप शाबीत होणं प्रतिवादी म्हणून त्यांच्या विरुद्ध होतं, पण हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी न्यायाधीशांना हात जोडले.

"लिव्हा साहेब," ते म्हणाले. "झालता की."

"बसा काका," न्यायाधीश म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सरकारला आणखी काही विचारायचं आहे?"

सरकारला काही विचारायचं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टामागच्या पायऱ्यांवर बसलो. भागवत शोधत आला आणि शेजारी बसून डबा उघडायला लागला. मी म्हणालो, भूक नाही.

"खा रे," तो म्हणाला. "तवा तर दोन खायचास."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"मेसवाल्यानं. हिशेब करायला गेलो होतो तवा. म्हणला, तुमचा डबा रोज जात होता अन् रोज रिकामा येत होता." त्याने झाकणात भाजी काढून माझ्यापुढे ठेवली. "मला बरं वाटलं. वाया तर गेला न्हाई."

तो हे टोमणा म्हणून बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

निकाल दीड महिन्याने लागला. मुद्दा क्रमांक दोन, पाणी वादीच्या विहिरीतूनच गेले काय: नाही. दावा फेटाळला. मुद्दा क्रमांक एक, भूकंप झाला काय: होय. कारणमीमांसेत लिहिलं होतं, की ही बाब सरकारतर्फे झालेल्या उलटतपासणीतूनच शाबीत झाली आहे.

तोपर्यंत लातुरात भलतंच झालं होतं. भागवतने अकराच्या अकरा पाट्यांवरचं एम.एस्सी. स्वतः उभं राहून पुसून घेतलं. एका स्थानिक पेपरने बातमी छापली: 'पदवी सोडली, गाव नाही'. फोटो पाव पान. त्या आठवड्यात त्याच्या क्लासला नवीन बॅच सुरू करावी लागली. पाट्या तेरा झाल्या.

रुखसारने पेपर माझ्यासमोर ठेवला. "ये तुम्हारे सवाल से हुआ ना?"

"हाँ."

"तुम्हारा नाम नहीं है इसमें कहीं."

"सवाल छापते नहीं," मी म्हणालो.

मग खात्याचं पत्र आलं. "दावा सरकारच्या बाजूने निकाली निघाला असला, तरी मुद्दा क्रमांक एक सरकारविरुद्ध गेलेला असल्याने, त्यापुरते अपील करावे किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा." मी दोन दिवस विचार केला. अपील दाखल झालं असतं, तर निदान वरच्या कोर्टात तरी माझं नाव गेलं असतं. मी लिहिलं, "अपील करू नये. भूकंप झाला होता." सही केली. सरकारी वकील म्हणून मी लिहिलेलं ते पहिलं वाक्य, जे मला कुणी कळवलेलं नव्हतं.

निकालानंतर महिन्याभराने चन्नबसप्पा एकटेच माझ्या टेबलाशी आले. निकालाची नक्कल हवी होती. मी सांगितलं, तुम्ही जिंकलात काका, नक्कल कशाला?

"आख्खी नको," ते म्हणाले. "तिचं नाव हाय ते पान फक्त."

सरपंचाच्या यादीत तिचं नाव होतं, मदतीच्या अर्जावर होतं, पण ते सगळे कागद सरकारने ठेवून घेतले होते. त्यांच्याकडे एकही नव्हता. मी नक्कल विभागात अर्ज केला आणि भागवतच्या साक्षीचं सातवं पान काढून आणलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"मी एम.एस्सी. नाही, हे म्हणणे खरे आहे. मी परीक्षेस बसलो नाही, कारण दि. ३०-९-१९९३ रोजी भूकंप झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता गौरम्मा भ्रतार चन्नबसप्पा यांना मी व इतर चार जणांनी बाहेर काढले. वादीने स्वतःच्या दाराची फळी दिली."

साक्ष लिहिताना आपल्याकडे उत्तरंच लिहितात, प्रश्न लिहीत नाहीत. सगळं पान एका दमात, भागवतच्या तोंडून. खाली त्याची सही. वाचणाऱ्याला वाटावं, की माणूस पिंजऱ्यात उभा राहिला आणि कुणी न विचारता स्वतःबद्दलचं खरं बोलत गेला.

"लई भला माणूस," चन्नबसप्पा म्हणाले. "कुणी इचारलं बी न्हाई, अन् आपणहून सांगितलं की सगळं."

मी पान घडी करून त्यांच्या हातात दिलं.

"हो," मी म्हणालो. "आपणहून सांगितलं."

त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी बंडीच्या आतल्या खिशात घातली. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, "शेषेराव आलाय. स्टँडवर हाय. पाईप कितीची घिऊ इचारत होता. म्हणतो, कोर्टानं आता पाणी तुझं ठरवलं, तर तुझ्याकडं मागायला काय हरकत न्हाई."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडी लागत होती, माणसं दाराकडे धावत होती. शेषेराव एका खिडकीखाली टाचा उंचावून उभे होते. त्यांनी टॉवेल आत टाकला, कडेच्या सीटवर पडला होता तो काठीने ढकलून खिडकीच्या सीटवर सरकवला, आणि आमच्याकडे वळून ओरडले, "ए चन्न्या, चल की. जागा धरलीय तुझी."

गाडीच्या मागे, स्टँडच्या भिंतीवर, चौदावी पाटी लागत होती.